दोन खिडक्यांवरची औषधं

सकाळी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायाझाइड, रक्तदाबासाठी. मेटफॉर्मिन दोन वेळा, आधी ५०० मिलिग्रॅमची, पुढे वाढवून १०००ची. गुडघ्यांसाठी ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, दुखेल तेव्हा, म्हणजे जवळजवळ रोज. त्याने छातीत जळजळतं म्हणून गॅसचं गुलाबी औषध, दोन चमचे. तळपायांची आग होते म्हणून बी-कॉम्प्लेक्स. हाडांसाठी कॅल्शियम. २०२२ च्या उन्हाळ्यात माझी आत्या ही औषधं घेत होती आणि यातली प्रत्येक गोळी माझ्या दुकानातून गेली होती. काही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, काही जुन्याच चिठ्ठीवर, आणि गुडघ्याची तर चिठ्ठीशिवायच. ती गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते हे मला पाठ आहे. घरचं माणूस म्हणून दिली.

माझं इंदूरमध्ये, सुदामा नगरच्या बाजूला, मेडिकल आहे. डी.फार्म. झाल्यापासून काउंटरवरच उभा आहे. माल आर.एन.टी. मार्गावरच्या दवा बाजारातून येतो, गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि वयस्कर मंडळी भरपूर. कुठली गोळी कशासोबत चालत नाही हे ओळखणं माझं कामच आहे. त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणून मी सुटू शकत नाही. वरच्या यादीत एक गोळी नाही. ती माझ्या दुकानातून जात नव्हती, पण ती चालू आहे हे मला पंधरा वर्षं माहीत होतं. हे सगळं लिहायला आत्याने परवानगी दिली आहे, नाव घालायचं नाही या अटीवर.

आतोबा ट्रक चालवायचे, आग्रा-मुंबई रस्त्यावर. २००२ मध्ये गेले. लोकांना टीबी सांगितला होता. टीबी होताच, पण त्याच्या मुळाशी एचआयव्ही होता हे रक्ताच्या रिपोर्टवरून मला कळलं होतं. आदल्याच वर्षी सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला होता. जगभर त्याची चर्चा झाली, मीही वाचलं होतं. ट्रक ड्रायव्हरच्या घराला दर वर्षी, जन्मभर, तेवढेही पैसे झेपणारे नव्हते. सरकारने मोफत औषध सुरू केलं १ एप्रिल २००४ ला, सहा राज्यांत आणि दिल्लीत. त्या सहांत महाराष्ट्र होता, मध्य प्रदेश नव्हता. आमच्याकडे सोय नंतर झाली. आत्यालाही एचआयव्ही होता. तिचं औषध २००७ मध्ये सुरू झालं, ती ५४ वर्षांची असताना, प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी २००च्या खाली घसरल्यावर. तेव्हा आजार बळावल्याची लक्षणं नसतील तर त्याआधी औषध द्यायचा नियमच नव्हता. निदान झालं की लगेच उपचार, हे धोरण आपल्याकडे २०१७ मध्ये आलं.

त्या औषधाने आत्या जगली. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी ती गोळी बंद करावी असं मला चुकूनही घडवायचं नाही. तिने मुलाचं लग्न केलं, नात बघितली, गणपतीत रोज दोन वेळा आरतीला उभी राहते. आतोबांच्या वेळी हे औषध मिळालं असतं तर तेही असते.

एचआयव्हीचं औषध देणाऱ्या सरकारी एआरटी सेंटरला ती एकटी जायची. तिथून मिळालेली गोळ्यांची बाटली घरी आणली की लगेच रिकामी करून लेबल फाडून टाकायची आणि गोळ्या हिंगाच्या जुन्या डबीत कापूस घालून ठेवायची. बाटलीत त्या खडखडतात, आणि आवाज झाला की कुणीतरी विचारतं. माझ्यासमोर विषय निघालाच तर ‘माझं सरकारी औषध’ एवढंच म्हणायची. मी पुढे विचारत नसे. मी तिचा मान राखतोय, अशी माझी समजूत होती. आज मागे वळून बघताना मला स्पष्ट दिसतं की विचारलं असतं तर अवघडलेपण मला आलं असतं, आणि ते मला नको होतं. तिच्या पंधरा वर्षांच्या उपचारांत मी त्या गोळीचं नावसुद्धा तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

पहिली काही वर्षं स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरॅपीन असं तिहेरी औषध होतं. स्टॅव्ह्युडीन स्वस्त होतं आणि त्याने लाखो माणसं वाचवली, पण ते शरीरावर खुणा ठेवतं. गालांतली चरबी झडते, हातापायांच्या शिरा दिसू लागतात, पायांच्या नसांना इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते हळूहळू बंद करण्याची शिफारस केली. आत्याचे गाल बसले, तळपायांची आग सुरू झाली, आणि मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या द्यायला लागलो. वर्षानुवर्षं दिल्या. वय झालं की व्हायचंच, असं तीही म्हणायची, मीही म्हणायचो. ही तक्रार तू सेंटरमध्ये सांगितलीस का, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. औषध बदललं तरी त्या नसा पूर्ण सुधारल्या नाहीत. अजूनही ती रात्री ओला पंचा पायांवर टाकून झोपते.

मग टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि एफाव्हिरेन्झ एकाच गोळीत आलं. रात्री झोपताना, रिकाम्या पोटी घ्यायची गोळी. एफाव्हिरेन्झने काहींना चक्कर येते, चित्रविचित्र स्वप्नं पडतात. ते तिला होत होतं. तरुण माणूस चक्कर आली तर भिंतीला धरतो आणि विसरून जातो. ६६ वर्षांची बाई रात्री बाथरूमला उठते आणि पडते. आत्या २०१९ मध्ये तशीच पडली आणि उजवं मनगट मोडलं. पाळी थांबल्यावर बायकांची हाडं विरळ होतातच, टेनोफोव्हिरच्या ज्या प्रकाराची गोळी आपल्याकडे दिली जाते त्याने हाडांची घनता आणखी थोडी उतरते. हाडांच्या डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण तिने सांगितलं नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या मीही सांगितलं नाही. त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं. मी दिलं.

इथे जरा थांबून शरीराबद्दल लिहायला हवं, कारण वयाने नेमकं काय बदलतं हे मी पुस्तकात शिकलो होतो आणि काउंटरवर विसरलो होतो. तिशीत घेतलेली गोळी आणि सत्तरीत घेतलेली तीच गोळी यांचा शरीरातला प्रवास सारखा नसतो. मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद वर्षागणिक उतरते, त्यामुळे जे औषध लघवीवाटे बाहेर पडायचं ते रक्तात जास्त वेळ राहतं. यकृताकडे जाणारं रक्त कमी होतं. अंगातलं पाणी घटतं, मांस घटतं, चरबीचं प्रमाण वाढतं. सीडी-४ पेशी भरून यायला तरुणांपेक्षा जास्त काळ लागतो. आणि बीपी, साखर, सांधे, झोप, पोट, प्रत्येकाची एकेक गोळी वाढत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत पन्नाशीपासूनच माणसाला वयस्कर धरतात. आज भारतात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत, आणि जे वीस वर्षांपूर्वी तिशी-चाळिशीत औषधावर आले ते आता माझ्यासारख्यांच्या काउंटरवर गुडघ्याचं मलम मागायला येतात. त्यांची मुख्य गोळी एका खिडकीवर मिळते, बाकीच्या सगळ्या दुसऱ्या खिडकीवर. दोन्हीकडची यादी एकत्र कुणी बघितलीच नाही, तर त्यांतला धोका कुणाच्याच लक्षात येत नाही.

२०२१ मध्ये आत्याची गोळी पुन्हा बदलली. एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्रॅविर आलं. विषाणूला दाबायला अतिशय जोरकस आणि अंगाला सोसणारं औषध आहे ते. आत्याची चक्कर गेली, स्वप्नं गेली, ती खूश होती. पण झोपताना रिकाम्या पोटी घ्यायची जुनी सवय तशीच राहिली, आणि त्यात मी भर घातली. कॅल्शियम विसरते, अशी तिची तक्रार होती. मी म्हटलं, “झोपताना तुझं ते औषध घेतेस ना, त्याच्यासोबतच घेत जा. गॅसचं औषधही तेव्हाच घे, म्हणजे रात्री जळजळ नाही.”

डोल्युटेग्रॅविर पोटात कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम यांना चिकटतं आणि मग रक्तात नीट उतरत नाही. गॅसच्या औषधात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच असतं. ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत घेतलं तर एकत्र चालतं, रिकाम्या पोटी चालत नाही. मी तिला अगदी नेमकी जी वेळ टाळायची तीच लावून दिली, आणि ती माझं ऐकणारी, शिस्तीची बाई आहे. एक रात्र चुकवली नाही.

२०२२ च्या सुरुवातीला तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वर आला. कित्येक वर्षं विषाणू मोजणीत सापडत नव्हता, तो हजाराच्या वर गेला. सेंटरमधल्या समुपदेशक बाईंनी तिला बसवून विचारलं, “अम्माजी, दवाई छूट तो नहीं जाती?” हा प्रश्न विचारणं त्यांचं कर्तव्यच होतं. व्हायरल लोड वाढला की आधी हेच बघायचं असतं, मग गोळ्या वेळच्या वेळी घेण्याबद्दल समजावून काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. दुसरं काही औषध घेता का, हेही त्यांनी विचारलं होतं. आत्या म्हणाली, बीपीची एक. कॅल्शियम आणि गॅसचं औषध हे तिच्या लेखी औषधच नव्हतं.

त्या दिवशी ती सेंटरमधून सरळ माझ्या दुकानात आली. गर्दी होती, तरी स्टुलावर बसून राहिली. गर्दी ओसरल्यावर म्हणाली, “मी गोळी चुकवते असं त्यांना वाटतं रे. पंधरा वर्षांत एकदा नाही चुकवली. तुझे आतोबा गेले त्या दिवसाची आठवण काढून घेते मी ती.” त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्याशी त्या औषधाबद्दल इतकं बोलली. तेव्हा मी काय केलं? पाणी दिलं, “होतं कधी कधी, मशीनची चूक असेल,” असं म्हणून तिची समजूत काढली आणि रिक्षात बसवून दिलं. जाताना कॅल्शियमची स्ट्रिपही दिली, संपली होती म्हणून. ज्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं तो प्रश्न माझ्यासमोर बसून रडला, आणि मला त्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच.

मे महिन्यात प्रकरण हाताबाहेर गेलं. गुडघे फार दुखत होते म्हणून ती दुखण्याची गोळी रोज दोन वेळा घेत होती. दुखणं कमी करणाऱ्या या जातीच्या गोळ्या, बीपीची टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी आणि लघवी वाढवणारं औषध, ही तिन्ही एकत्र आली की वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. फार्मसीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे शिकवलेलं असतं. त्यात टेनोफोव्हिर मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये साठतं आणि त्यांना इजा करू शकतं. वरून मेटफॉर्मिनचा डोस नुकताच वाढला होता. तो वाढवणाऱ्या डॉक्टरांना डोल्युटेग्रॅविरची कल्पना नव्हती, आणि डोल्युटेग्रॅविर तर मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढवतं. म्हणून दोन्ही एकत्र असतील तर मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. आत्या २००० घेत होती. तिला मळमळ आणि जुलाब सुरू झाले, इंदूरचा मे, घरात कूलर, पाणी पोटात टिकेना. तिच्या सुनेने मला फोन केला आणि मी जुलाब थांबायची गोळी पाठवून दिली.

दवाखान्यात भरती केलं तेव्हा मूत्रपिंडाची अवस्था दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तीनच्या वर होतं आणि लघवी जवळजवळ थांबली होती. डॉक्टरांनी विचारलं, काय काय औषधं चालू आहेत? मी यादी घडाघडा सांगितली, डोससकट. सरकारी गोळी सांगितली नाही. कारण शेजारी आत्याची सून उभी होती आणि तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. कागदावर लिहून देता आलं असतं. मी स्वतःला समजावलं की उद्या सांगू. तेवढा वेळ डॉक्टर अर्धवट यादीवर उपचार करत होते, आणि आत्याच्या पर्समधून आणलेली ती गोळी त्या रात्रीही तिच्या पोटात गेली, तिच्याच सांगण्यावरून, माझ्याच हातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार येईल या भीतीने माझे पाय जड झाले होते. त्यांनी फक्त विचारलं, “टेनोफोव्हिर आहे का?” आणि तिथून पुढे सगळं वेगाने झालं. टेनोफोव्हिर थांबलं, मेटफॉर्मिन आणि दुखण्याची गोळी आधीच बंद केली होती, सेंटरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. सलाईनवर हळूहळू लघवी सुरू झाली. डायलिसिसची वेळ आली नाही.

मग मी आणखी एक चूक केली, आधीच्या उलट दिशेने. डॉक्टरांना सांगून मोकळं वाटलं होतं. त्या भरात कॉरिडॉरमध्ये मी आत्याच्या सुनेला सगळं सांगून टाकलं. घरी औषधांच्या वेळा तीच सांभाळणार, तिला माहीत असायलाच हवं, असा माझा हिशोब. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादा, नऊ वर्षं झाली मला या घरात येऊन. मला कुणीच सांगितलं नाही.” आणि लगेच, “मुलगी आजीच्या ताटात जेवते.” मी तिला समजावलं की ताटातून, मिठीतून, एका बाथरूममधून हा विषाणू जात नाही, कधीच जात नाही. ते तिला पटलं, तिने कधी आत्याचं भांडं वेगळं केलं नाही. पण फसवलं गेल्याचं दुःख वेगळं असतं, ते माहिती देऊन जात नाही.

आत्याला हे घरी आल्यावर कळलं. तिने मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. “माझं होतं ते. मी सांगितलं असतं, माझ्या वेळेला. तू डॉक्टरांना सांगितलंस ते बरं केलंस. तिला कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा, जो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला, हेच सांगतो की ही माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करायची नाही. कायद्यात नसतं तरी मला कळायला हवं होतं. पंधरा वर्षं जिथे बोलायचं तिथे मी गप्प बसलो आणि एका सकाळी जिथे तिला विचारायचं तिथे न विचारता बोललो. त्यानंतर कितीतरी दिवस ती औषधं सुनेकडून मागवायची, दुकानात यायची नाही.

सेंटरच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीला सगळ्या गोळ्या घेऊन यायला सांगितलं होतं. आत्याने मला सोबत यायला सांगितलं, हे मला अनपेक्षित होतं. मी पिशवी टेबलावर उलटी केली. डॉक्टर मॅडम एकेक स्ट्रिप उचलून नाव वाचत होत्या आणि दोन ढीग करत होत्या. कॅल्शियम आणि गॅसचं औषध हातात घेऊन त्यांनी आत्याला विचारलं, “ये कब लेती हैं?” आत्या म्हणाली, “सोते समय, आपकी गोली के साथ.” मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही, आत्याकडेच बघितलं आणि म्हणाल्या, “तो आपने कुछ नहीं छोड़ा था।” आत्याने डोळे पुसले. मी टेबलावरच्या स्ट्रिपांकडे बघत राहिलो. मी तिला तेवढं आधीच सांगू शकलो असतो.

मग त्यांनी एका कागदावर गणित केलं. १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर गाळतं याचा तो अंदाज. आजारी पडण्याच्या काही महिने आधी मीच लॅबच्या मुलाला बोलावून आत्याचं रक्त तपासून घेतलं होतं. क्रिएटिनिन १.० आलं होतं. रिपोर्टवर ते ठळक छापलेलं नव्हतं, लॅबच्या मर्यादेत होतं, आणि मी तिला सांगितलं होतं की किडनी एकदम छान आहे. आता त्याच आकड्यावर मॅडमनी हिशोब केला. वय ६९, वजन ४६ किलो. उत्तर आलं ३९. तोच १.० आकडा ७० किलोच्या ३५ वर्षांच्या पुरुषाचा असता तर उत्तर १०२ आलं असतं. डोल्युटेग्रॅविर मूत्रपिंडाला इजा न करताही क्रिएटिनिन किंचित वाढवतं, ते जमेस धरलं तरी ३९ हे समाधानकारक नव्हे. ५० च्या खाली टेनोफोव्हिर टाळतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, आणि सुकलेल्या म्हाताऱ्या बाईच्या अंगात स्नायूच थोडे, म्हणून मूत्रपिंड थकलेलं असूनही आकडा सरळ दिसतो. लॅबला वजन माहीत नसतं. मला माहीत होतं. माझ्याच दुकानाबाहेरच्या काट्यावर ती वजन करायची.

आता तिला अबॅकॅव्हिर, लॅमिव्ह्युडीन कमी डोसमध्ये आणि डोल्युटेग्रॅविर असं वेगवेगळं आहे. एका गोळीऐवजी जास्त गोळ्या, याचा तिला राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो. डोल्युटेग्रॅविर सकाळी चहाच्या आधी घेते, कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. गॅसचं औषध लागतच नाही, कारण ज्या गोळीने जळजळायचं ती बंद झाली. गुडघ्यांना पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. साखरेला लिनाग्लिप्टिन, ज्याचा डोस मूत्रपिंडासाठी बदलावा लागत नाही. बीपीच्या गोळीतून लघवी वाढवणारं औषध काढलं. व्हायरल लोड पुन्हा मोजणीच्या खाली गेला. मूत्रपिंड मात्र पूर्वीच्या जागी आलं नाही, आणि येणार नाही.

दुकानात मी आता पन्नाशीपुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, दुसऱ्या कुठल्या खिडकीवरून, सरकारी किंवा खासगी, काही गोळ्या चालू आहेत का? आजाराचं नाव विचारत नाही, ते विचारायचा मला हक्कही नाही. गोळीचं नाव आठवत नसेल तर स्ट्रिपचा किंवा बाटलीचा फोटो आणा म्हणतो, आणि हे गर्दीत न विचारता काउंटरच्या कडेला बोलावून विचारतो. बहुतेक जण थायरॉइडचं किंवा टीबीचं सांगतात. टीबीचंही कळायला हवंच, कारण रिफॅम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. एकदा एका आजोबांनी बोटाने काउंटरवर फक्त ‘आर’ काढला. रिटोनॅव्हिर, तेही एचआयव्हीच्या उपचारातलंच. त्यांच्या दुसऱ्या हातात दम्याच्या पंपाची चिठ्ठी होती, स्टिरॉइडचा पंप. रिटोनॅव्हिर यकृतात बऱ्याच औषधांचा निचरा रोखून धरतं. त्याच्यासोबत अशा काही पंपांचं स्टिरॉइड रक्तात साचतं, चेहरा सुजतो, साखर चढते, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं. गुडघ्यात दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शननेसुद्धा हे होतं. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन तर त्यासोबत द्यायचंच नाही. एचआयव्हीचंच ॲटॅझॅनॅव्हिर असेल तर ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलने त्याचं शोषण घटतं, आणि पॅन्टोप्राझोल आमच्या दुकानातून शेंगदाण्यासारखं जातं. आजोबांना मी पंप दिला नाही, चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि फोन त्यांच्या हातात देऊन बाजूला झालो. काय सांगायचं आणि किती, ते त्यांनी ठरवलं.

आत्यासाठी मी एक कार्ड केलं आहे. औषधांची नावं, डोस, वेळा, वजन, शेवटचं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला आकडा. आजाराचं नाव त्यावर नाही, जो डॉक्टर वाचेल त्याला औषधांवरून कळेल. ते कार्ड ती तिच्या पर्समध्ये ठेवते, मी त्याची प्रत दुकानात ठेवलेली नाही. सून रोज सकाळी तिला गोळ्यांची आठवण करते. त्या दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, विषाणू दाबलेला असला तरी. २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. बारा देशांतले, त्यात भारतही, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ लोक त्यात होते, आणि रोज पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध घेणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. आत्याला साखर आहे, बीपी आहे, आणि आता अबॅकॅव्हिर आहे, ज्याच्याबद्दल हृदयाच्या बाबतीत शंका घेतल्या गेल्या आहेत. कुठलं स्टॅटिन, किती डोस, तिच्या मूत्रपिंडाला किती झेपेल, हे पुढच्या तारखेला मॅडमना विचारायचं मी ठरवलं आहे. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “आणखी एक गोळी? आधी मला नीट समजावून सांग. मग मी विचारीन त्यांना, तू नको.”